बादलीला लाथ आणि देवळालीचा ताप

नोकरीला लागून जेमतेम तीन महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. ऑफिस पुण्यात, काम ब्रिटनच्या इन्शुरन्स क्लेम्सचं, म्हणजे तिकडे कोणाचं घर पाण्याने खराब झालं, कोणाची गाडी ठोकली, कोणी वारलं, की त्याची फाइल इकडे आमच्या स्क्रीनवर. मी एका बाईंना पत्र लिहित होते, त्यांचे मिस्टर गेले होते. टेम्प्लेट होतं, पण मला ते फारच कोरडं वाटलं, म्हटलं आपण जरा भारी इंग्लिश लिहू, छाप पडेल. आणि मी छान टाइप केलं की तुमच्या मिस्टरांनी 'किक द बकेट' केल्याचं समजून आम्हाला अतिशय दुःख झाले आहे.

हसू नका. माझ्याकडे पुरावा होता. दहावीपासून जपलेली दोनशे पानी वही, लाल शाईने रेघा आखलेली, डावीकडे ईडियम उजवीकडे अर्थ. त्यात स्वच्छ अक्षरात लिहिलेलं, किक द बकेट म्हणजे मरण पावणे. मरण पावले होते ना ते? मग.

नशीब एवढंच की नवीन लोकांची पत्रं आधी क्वालिटीवाल्या मॅडम तपासायच्या. त्या खुर्ची ढकलत ढकलत माझ्या डेस्कपर्यंत आल्या, स्क्रीनवर त्या ओळीवर पेन टेकवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, तुमच्या सोसायटीत कोणी वारलं तर खाली फळ्यावर काय लिहितात? 'अण्णा गचकले' असं लिहितात का?"

मला एका सेकंदात सगळं कळलं. म्हणजे इतकं कळलं की कानापर्यंत गरम झालं. कारण आपल्याकडे मरण्याला किती शब्द आहेत बघा, माणूस जातो, वारतो, निवर्ततो, देवाज्ञा होते, कैलासवासी होतो, वारकरी घरातला असेल तर वैकुंठवासी होतो, आणि तोच माणूस कट्ट्यावरच्या पोरांच्या तोंडी खपतो, गचकतो, आटपतो, नाहीतर ढगात जातो. डिक्शनरी सगळ्यांसमोर एकच शब्द लिहिणार, मरणे. पण कोणाच्या घरी जाऊन कोणता म्हणायचा हे आपल्याला पाचव्या वर्षी कळलेलं असतं, चुकून बोललो तर आजीचा एक धपाटा पाठीत, झालं शिक्षण. इंग्लिशला तो धपाटा कोणी घातलाच नाही ना आपल्याला.

(नंतर शोधलं तर ही बादली काही आजची नाही. फ्रान्सिस ग्रोज नावाच्या माणसाने १७८५ साली इंग्लिशच्या टपोरी भाषेची एक डिक्शनरी छापली होती, त्यात किक द बकेट आहे. म्हणजे जन्मापासूनच टपोरी. बकेट म्हणजे डुक्कर कापताना ज्या आडव्या लाकडाला टांगायचे ते लाकूड, आणि मरताना त्यावर पाय आपटायचे, असं एक मत आहे. हे कळल्यावर तर त्या बाईंची आठवण येऊन मला परत घाम फुटला.)

आमचं शिक्षण मराठी मिडियमचं. इंग्लिश पाचवीपासून, पहिलीपासूनचं इंग्लिश महाराष्ट्रात आलं २००० साली, तोवर आम्ही वरच्या वर्गात पोचलेलो. आणि वाक्प्रचार ही गोष्ट आम्हाला माहीत होती ती परीक्षेतून, 'खालील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा'. त्यातली आमची ट्रिक सगळ्यांना आठवत असेल. अर्थ येत नसेल तर लिहायचं, 'बाईंनी मला अटकेपार झेंडा लावणे या वाक्प्रचाराचा अर्थ विचारला.' झाला वाक्यात उपयोग! आमच्या बाई त्यावर लाल पेनने दोन रेघा मारायच्या, कधीकधी हसून अर्धा मार्क पण द्यायच्या. आता मागे वळून बघते तर इंग्लिश ईडियम्सचं मी वर्षानुवर्षं हेच केलं, अर्थ पाठ, आणि वाक्यात उपयोग म्हणजे कुठेतरी कोंबणे.

सगळ्यात जास्त कोंबलेला कोणता असेल तर 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'. प्रत्येक मराठी मिडियमवाल्याला हा येतो, दुसरा कुठला येवो न येवो. जुलै महिना, कॉलवर ब्रिटनमधल्या लीड्स शहरातला आमचा सहकारी, त्याने विचारलं पुण्यात हवा कशी आहे, मी संधीच बघत होते, लगेच सोडलं कुत्र्यामांजरांना. तो हसला. वाईट नाही हसला, पण म्हणाला की हे मी शेवटचं माझ्या शाळेच्या पुस्तकात बघितलं असेल. मग ते काय म्हणतात? तो म्हणाला पोअरिंग, नाहीतर चकिंग इट डाउन, नाहीतर बकेटिंग डाउन. परत बादली!

हा कुत्र्यामांजरांचा प्रकार फार जुना आहे, जोनाथन स्विफ्ट या लेखकाने १७३८ साली इंग्लिश बैठकीतल्या घासून गुळगुळीत झालेल्या गप्पांची टर उडवणारं पुस्तक छापलं त्यात हे वाक्य येतं. म्हणजे विचार करा, जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीच ते चेष्टेच्या लायकीचं शिळं झालं होतं, आणि आम्ही ते घोकतोय. गवताच्या छपरावर कुत्री मांजरं झोपायची आणि पावसात घसरून खाली पडायची म्हणून असं म्हणतात ही जी गोष्ट व्हॉट्सॲपवर फिरते ना, ती थाप आहे, १९९९ च्या सुमाराला ईमेलवर फिरायला लागलेली. मी स्वतः ती पाच जणांना सांगितली होती, त्या पाचही जणांची इथे माफी मागते.

आपण तरी 'मुसळधार' बोलतो का कधी? पेपरात वाचतो. घरात आपण म्हणतो काय कोसळतोय, नुसता धो धो चाललाय, झोडपून काढलं. लीड्सवाल्याला उद्या कोणी मराठी शिकवलं आणि तो छत्री झटकत आला आणि म्हणाला 'आज मुसळधार पर्जन्यवृष्टी होत आहे' तर आपल्याला जसं होईल, तसं त्याला माझं ऐकून झालं असणार.

पण सगळ्यात मोठा घोळ होतो तो जे ईडियम आपल्यासारखेच दिसतात त्यांच्यात. एका दगडात दोन पक्षी सारखंच आहे, मगरीचे अश्रू सारखेच, कोल्ह्याला द्राक्षं आंबट सारखंच, त्यामुळे आपण बिनधास्त होतो आणि मग पाय अडकतो. खरंच पायच अडकतो, कारण माझा घोळ झाला 'पुलिंग युअर लेग' वर. त्याच लीड्सवाल्याने एकदा मला सांगितलं की तुझी सगळी मागच्या महिन्याची रिपोर्ट्स परत करायला लागणार आहेत, माझं तोंड उतरलं, तर म्हणतो, आय'म ओन्ली पुलिंग युअर लेग. मी मनात म्हटलं बाप रे, हा माणूस माझे पाय ओढतोय आणि वर तोंडाने कबूल पण करतोय! कारण आपल्याकडे पाय ओढणे म्हणजे काय, ते टोपलीतले खेकडे, एक वर चढला की बाकीचे त्याला खाली खेचणार, मराठी माणसावरचा तो सुप्रसिद्ध विनोद आपणच सगळ्यात जास्त सांगतो. तिकडे पाय ओढणे म्हणजे नुसती फिरकी घेणे. दोन दिवस मी त्याच्याशी तुटक वागले, त्याला कळेचना काय झालं. आणि अजून एक, आपण सगळे सर्रास 'लेग्ज' म्हणतो, डोंट पुल माय लेग्ज, त्यांच्याकडे एकच पाय ओढतात. दोन ओढले तर त्यांना वाटतं कोणीतरी खरंच फरशीवरून फरपटत नेतंय.

पोटातले प्राणी पण असेच. आपल्या पोटात कावळे ओरडतात ते भुकेने. त्यांच्या पोटात फुलपाखरं असतात ती टेन्शनने, म्हणजे आपला पोटात गोळा येतो तो. मोठ्या प्रेझेंटेशनच्या आधी तिकडची एक मुलगी बटरफ्लाइज म्हणाली आणि मी तिला अगदी प्रेमाने म्हटलं, अगं मग बिस्किट तरी खाऊन घे. तिला वाटलं हा भारतीय उपाय असणार, तिने खाल्लं बिचारीने. नंतर खुलासा झाल्यावर मी तिला आमचे कावळे सांगितले, ते तिला इतके आवडले की आता लंचच्या वेळी चॅटवर नुसतं 'क्रोज' असं लिहून पाठवते.

क्रिकेटमुळे मात्र आपण वाचतो. म्हणजे अर्धे वाचतो. ब्रिटिश माणूस स्टिकी विकेट म्हणाला की ज्याने जुन्या मॅचेसबद्दल घरातल्या मोठ्यांकडून ऐकलंय त्याला कळतं, पूर्वी पिच झाकायचे नाहीत, पाऊस पडून वर ऊन आलं की ओलसर पिचवर बॉल काय करेल सांगता यायचं नाही, बॅट्समनची पंचाईत. बोल्ड ओव्हर, हिट फॉर सिक्स, ऑन द बॅक फूट, हे सगळं आपल्याला आयतं मिळतं. अमेरिकन आला की गणित फिरतं, कारण त्यांचं सगळं बेसबॉलवर चालतं. मी एका अमेरिकन कॉलवर म्हणाले की क्लायंटने आम्हाला गुगली टाकली, समोर पूर्ण शांतता, त्यांना वाटलं मी गूगलबद्दल काहीतरी बोलतेय. त्यांच्याकडे त्याला कर्व्हबॉल म्हणतात. बॉलपार्क फिगर मागितली की अंदाजपंचे आकडा द्यायचा, टच बेस म्हणजे जरा बोलून घेऊ. राइट ऑफ द बॅट म्हणजे लगेच, ती बेसबॉलची बॅट, आणि ऑफ हिज ओन बॅट म्हणजे कोणी न सांगता आपल्या मनाने केलेलं, ती क्रिकेटची. एकाच बॅटीचे दोन अर्थ, दोन देश, आणि मधे आपण पुण्यात हेडफोन लावून बसलेलो.

या क्रिकेटमधलाच एक मला खूप उशिरा कळला आणि तो मला सगळ्यात जास्त आवडतो. लीड्सवाल्याची आजी वारली, चौऱ्याण्णव वर्षांची. मी आता शहाणी झालेले, बादलीच्या जवळपास पण गेले नाही, साधं सॉरी म्हटलं. तोच म्हणाला, शी हॅड अ गुड इनिंग्ज. काय सुंदर आहे ना? आजीबाई खेळल्या, भरपूर रन्स काढल्या, आणि बॅट उंचावून पॅव्हेलियनमध्ये गेल्या. आपण अशा वेळी पिकलं पान गळालं म्हणतो, सोनं झालं म्हणतो. पण गंमत बघा, क्रिकेट आपल्याकडे पण आहे मरणात, फक्त आपण म्हणतो 'त्याची विकेट पडली' आणि ते निव्वळ कट्ट्यावरचं. तोच खेळ, त्यांची इनिंग्ज सोवळी आणि आपली विकेट टपोरी. आणि गुड इनिंग्ज पण कोणी म्हणायचं याला नियम आहेच. आजी ज्याची त्याने म्हटलं तर शोभतं, बाहेरच्याने आधी घाईघाईने म्हटलं तर जणू 'बरं झालं सुटली' असं ऐकू येतं. चाळीस वर्षांच्या माणसाबद्दल तर कोणीच म्हणणार नाही. हे माझ्या लाल रेघांच्या वहीत कुठे लिहिणार, उजवीकडच्या रकान्यात तेवढी जागाच नव्हती.

म्हणून मग मी वही बदलली. आता फोनमध्ये लिहिते आणि अर्थ शेवटी लिहिते. आधी लिहिते कोण बोललं, कोणाला बोललं, आणि बोलताना तोंड कसं होतं. उदाहरणार्थ एक नोंद अशी आहे, 'आय'ल बेअर इट इन माइंड, लंडनची मोठी मॅनेजर, आपल्या टीमला, गोड हसून. अर्थ: आपलं बघू.' मराठी माणसाला 'बघू' म्हणजे काय हे शिकवायला लागत नाही, भाड्याने घर दाखवणाऱ्याला आपण बघू म्हटलं की तो पण समजतो आणि आपण पण समजतो. पण इंग्लिशमध्ये आलं की आपण डिक्शनरी उघडून बसतो, 'लक्षात ठेवणे', आणि पुढच्या सोमवारी जाऊन विचारतो मॅडम तुम्ही लक्षात ठेवणार होता त्याचं काय झालं. विचारलंय मी.

आणि कधीकधी तर इंग्लिशवाल्यांचं एकमेकांत पण जमत नाही, तेव्हा मला फार बरं वाटतं. एका कॉलवर ब्रिटिश आणि अमेरिकन दोघं होते, ब्रिटिश म्हणाला लेट्स टेबल धिस, आणि अमेरिकन ठीक आहे म्हणून पुढच्या विषयाकडे वळला, ब्रिटिश आपला कागद उघडून बसलेला. ब्रिटनमध्ये टेबल करणे म्हणजे आत्ता चर्चेला घेणे, अमेरिकेत टेबल करणे म्हणजे बाजूला ठेवून देणे, बरोब्बर उलटं. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडच्या लष्करी अधिकाऱ्यांचं याच शब्दावरून लांबलचक भांडण झालं होतं, आणि दोघांना पाहिजे होतं एकच, हे चर्चिलने आपल्या आठवणींमध्ये लिहून ठेवलंय. टेबलाखालून मात्र दोन्ही देशांत आणि आपल्याकडे एकच अर्थ होतो, त्यावर कोणाचं भांडण नाही.

आता ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते.

माझं माहेर देवळाली कॅम्प. नाशिकरोडच्या अलीकडचं स्टेशन, मुंबईहून येताना. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तोफखान्याचं ट्रेनिंग सेंटर आहे तिथे, लहानपणी सराव सुरू झाला की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि पाहुणे घाबरून उठायचे, आम्ही जेवत असायचो. बाकी हवा छान, इतकी छान की मुंबईचे पारशी आणि गुजराती लोक पिढ्यानपिढ्या तिथे सॅनिटोरियममध्ये हवापालटाला येतात.

तर मागच्या महिन्यात लीड्सवाल्याचा लॅपटॉप मीटिंगमध्ये सारखा बंद पडत होता, तो वैतागून म्हणाला, सॉरी, माय लॅपटॉप'ज गॉन कम्प्लीटली डूलॅली. सवयीप्रमाणे मी फोनमध्ये लिहिलं, कोण, कोणाला, तोंड वैतागलेलं पण हसरं. अर्थ बघायला रात्री डिक्शनरी उघडली. डूलॅली, म्हणजे वेडा, डोकं फिरलेला. आणि खाली मूळ दिलेलं, देवळाली, मुंबईजवळचं एक गाव.

मी ते तीन वेळा वाचलं.

झालेलं असं. ब्रिटिशांच्या काळात देवळालीला सैनिकांचा मोठा ट्रान्झिट कॅम्प होता. ज्या गोऱ्या सोल्जरची नोकरी संपली त्याला तिथे आणून ठेवायचे, मुंबईहून बोट मिळेपर्यंत. पण सैनिकांच्या बोटी फक्त थंडीच्या सीझनमध्ये सुटायच्या, साधारण ऑक्टोबर ते मार्च. ज्याची नोकरी बोट सुटून गेल्यावर संपली तो अडकला, महिनोन्महिने. काम नाही, ड्यूटी नाही, घरी जायची आशा लावून ठेवलेली, वर उन्हाळा, दारू, मलेरिया. काही जणांचं डोकं फिरायचं. त्याला ते म्हणायला लागले डूलॅली टॅप. आता हा 'टॅप' नळ नाही बरं का, हा आपला ताप! अंगात येतो तो. देवळालीचा ताप. पुढे ताप गळून गेला आणि नुसती देवळाली राहिली, ती पण 'ळ' जमत नाही म्हणून डूलॅली.

म्हणजे मी तीस वर्षं इंग्लिश ईडियम्सच्या मागे वही घेऊन पळतेय आणि त्यातला एक आमच्या स्टेशनच्या बोर्डवर तीन भाषांत लिहिलेला होता. कॅम्पातल्या ज्या बाकावर बसून मी दहावीला ते कॅट्स अँड डॉग्ज घोकलं, तिथेच कुठेतरी तो सोल्जर बसून बोटीची वाट बघत असणार.

मग मी अजून खोदलं तर आपल्याकडचे बरेच निघाले. कुशी जॉब मधलं कुशी म्हणजे खुशी. हॅव अ डेको म्हणजे देखो. ब्लायटी, म्हणजे सैनिकांच्या तोंडचं इंग्लंड, ते विलायती वरून. इंग्लिशमध्ये पूर्वी झकास गोष्टीला 'द चीज' म्हणायचे, ते आपल्या 'काय चीज आहे!' मधलं चीज असावं असं १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन डिक्शनरीत म्हटलंय, बिग चीज, म्हणजे बडी असामी, त्यातूनच पुढे आलं म्हणतात. पण देवळालीपुढे मला बाकी सगळे फिके.

दुसऱ्या दिवशी लीड्सवाल्याला स्टेशनच्या बोर्डचा फोटो पाठवला. त्याचा विश्वासच बसेना. त्याची आजी, तीच ती गुड इनिंग्जवाली, हा शब्द रोज वापरायची म्हणे, मांजराला, टीव्हीला, नवऱ्याला, आणि हे गावाचं नाव आहे हे तिला मरेपर्यंत माहीत नव्हतं. मग मला वाईट वाटू नये म्हणून तो सांगायला लागला की हा शब्द तसा प्रेमाने वापरतात, शिवी नाही. मी म्हटलं अरे आमच्याकडे पण आहे हे, पुण्यात कोणाचं डोकं फिरलं की येरवड्याला पाठवा म्हणतात, मुंबईत ठाण्याला, तिथे मेंटल हॉस्पिटलं आहेत म्हणून, आणि येरवड्यातले आणि ठाण्यातले लोक तरी सुखाने राहतातच की. पण हे म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं की माझ्या सासरच्यांपैकी येरवड्याला राहणारी एक चुलत नणंद आहे आणि तिच्यासमोर मी हे कधीही बोलणार नाही. वाक्यात उपयोग, बघा.

रविवारी घरी फोन केला आणि आईला सगळं सांगितलं. इंग्लंडमध्ये आपल्या गावाचं नाव म्हणजे वेड लागणे, बोटींची वाट बघून सोल्जर वेडे व्हायचे, त्याला देवळालीचा ताप म्हणायचे, सगळं. मला वाटलं ती चकित होईल. तिने शांतपणे ऐकून घेतलं, मागे कुकरची शिट्टी झाली, ती गॅस बारीक करून आली आणि म्हणाली, "त्यात काय एवढं. मे महिन्यात दुपारी लाइट गेली की मला अजून पण येतो तो."